नांगरावरचा संसार

जून महिना लागला की कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्रेनेडा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर शिडाच्या बोटींची दाटी होऊ लागते. प्रिकली बे, माउंट हार्टमन बे, वोबर्न अशा जवळजवळच्या ठिकाणी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स या देशांचे झेंडे लावलेल्या बोटी नांगर टाकून उभ्या राहतात आणि त्यांपैकी बऱ्याच बोटींवर एकेक जोडपे राहत असते. ही मंडळी चार दिवसांच्या सहलीला आलेली नाहीत. कोणी जमिनीवरचे घर विकून, कोणी ते भाड्याने देऊन पस्तीस-चाळीस फुटांच्या बोटीत संसार थाटलेला आहे, आणि पुढचे पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम इथेच असणार आहे.

अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. ग्रेनेडा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १२ अंशांवर आहे आणि बहुतेक वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. म्हणून अनेक विमा कंपन्या या काळात बोट एका ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेलाच ठेवण्याची अट घालतात. कोकणातल्या माणसाला हा हिशेब नव्याने सांगायला नको, कारण आपल्याकडेही जूनमध्ये होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच त्या पुन्हा पाण्यात उतरतात. ग्रेनेडातल्या या जोडप्यांपैकी अनेकांना मात्र घर आणि बोट वेगळे करता येत नाही, त्यामुळे वादळाची भीती असलेले महिनेही त्यांना पाण्यावरच काढावे लागतात. दक्षिणेला आल्याने जोखीम संपते असेही नाही. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाने ग्रेनेडालाच गाठले, बेटावरच्या बहुतेक घरांची पडझड केली आणि सुरक्षित समजून आणलेल्या कितीतरी बोटी एकमेकींवर आदळून फोडल्या. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे वादळ जवळच्याच कॅरिआकू बेटावर धडकले, तेव्हा टिरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटींचेही मोठे नुकसान झाले.

त्यामुळे बोटीवरचा दिवस चहाच्याही आधी हवामानाने सुरू होतो. मायामीचे राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र या हंगामात दर सहा तासांनी आपला अंदाज प्रसिद्ध करते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दर तीन-चार दिवसांनी एक कमी दाबाची लाट पश्चिमेकडे निघते आणि त्यांपैकी कोणती लाट वादळाचे रूप घेण्याची शक्यता आहे, हे या केंद्राच्या नकाशावर पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत दाखवलेले असते. दोघांपैकी एकाने नकाशा पाहायचा आणि दुसऱ्याला सांगायचे, असा बहुतेक घरांत रिवाज आहे. पुढे साडेसातच्या सुमारास रेडिओवर बोटकऱ्यांची सामुदायिक सभा भरते. तिथे हवामान पुन्हा एकदा सांगितले जाते, कोणाची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, चोरीला गेली ते कळते, शहरात जाणारी मिनीबस किती वाजता सुटणार ते ठरते, आणि नको असलेले पंप, दोर, शिडाचे कापड यांची देवघेव होते.

शहरातल्या घरात पाणी भिंतीतून येते, वीज भिंतीतून येते आणि सांडपाणी भिंतीतच नाहीसे होते. बोटीवर या भिंतीमागचे सारे खाते दोन माणसांना चालवावे लागते. टाकीत साधारण तीन-चारशे लिटर पाणी मावते आणि पाऊस नसेल तर ते समुद्राच्या पाण्यातूनच तयार करावे लागते. त्यासाठीचे यंत्र खारे पाणी प्रचंड दाबाने एका पातळ पडद्यातून ढकलते आणि मीठ मागे ठेवते. गर्दीच्या खाडीतल्या गढूळ, तेलकट पाण्याने हा पडदा खराब होतो, म्हणून अनेक जण दर काही दिवसांनी नांगर उचलून स्वच्छ पाण्यापर्यंत बोट नेतात, टाकी भरतात आणि परत येतात. केवळ पाणी भरण्यासाठी घर हलवावे लागते म्हटल्यावर आंघोळीत किती लिटर खर्च झाले याची विचारपूस का होते, हे वेगळे सांगायला नको. आधी समुद्रात बुडी, मग साबण, आणि शेवटी दोन-तीन तांबे गोडे पाणी, एवढ्यात आंघोळ उरकते.

विजेचेही असेच आहे. सौर तावदाने दिवसभर बॅटरी भरतात आणि तिच्यातली बरीचशी वीज एकटा फ्रिज खातो. ढगाळ आठवड्यात फ्रिज चालवायचा की पाण्याचे यंत्र, असा प्रश्न उभा राहतो आणि त्यावर वादही होतात. स्वयंपाकासाठी गॅसचा लहान सिलिंडर असतो. गॅस वाचावा म्हणून पाश्चात्त्य बोटींवरही प्रेशर कुकरला मान आहे, ही आपल्याकडच्या वाचकांना सुखावणारी गोष्ट.

या घरातले सर्वांत नावडते काम संडासाचे आहे, आणि ते वगळून बोटीवरच्या संसाराचे चित्र पूर्ण होत नाही. बहुतेक बोटींवरच्या संडासात हातपंपाने समुद्राचे पाणी आत घेऊन मैला बाहेर किंवा साठवणीच्या टाकीत ढकलला जातो. लघवी आणि खारे पाणी एकत्र आले की नळीच्या आतल्या बाजूला चुन्यासारखा कठीण थर चढत जातो. वाटेत रबराची एक छोटी झडप असते, जी मैल्याला पुढे जाऊ देते पण मागे येऊ देत नाही. थर साचला की ती पुरती मिटत नाही आणि भांड्यात घाण परत चढू लागते. मग एक जण हातमोजे घालून भांड्यामागच्या चिंचोळ्या जागेत कुशीवर आडवा होतो, नळीवरची पट्टी सैल करतो, झडप काढतो, आणि दुसरा बादली, फडके व नवी झडप हातात घेऊन उभा राहतो. हे काम कोणाचे, यावर ज्या जोडप्यात आधीच स्पष्ट बोलणे झालेले नसते, त्यांच्यात ते या वेळी होते.

जोडप्याची खरी परीक्षा नांगर टाकताना होते. एक जण मागे सुकाणूपाशी, दुसरा पुढच्या टोकाला साखळीपाशी, मध्ये वारा आणि इंजिनचा आवाज. पाण्याच्या खोलीच्या निदान चार-पाच पट साखळी सोडायची, बोट हळूहळू मागे घेत नांगर तळात रुतवायचा, तो घसरत नाही ना हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहायचे, आणि शेवटी साखळीवर येणारे हिसके झेलण्यासाठी तिला नायलॉनचा दोर अडकवायचा. ओरडून बोललेले ऐकू जात नाही आणि ऐकू गेले तर ते शेजारच्या दहा बोटींनाही ऐकू जाते. म्हणून पुष्कळ जोडपी हातवाऱ्यांची खूण ठरवतात किंवा डोक्याला लावायचे बिनतारी संच वापरतात. या संचांना बोटकऱ्यांनी गमतीने ‘संसार वाचवणारे’ असे नाव दिले आहे.

नव्या देशात पोहोचल्यावर प्रवेशाची परवानगी अजून मिळायची आहे हे दाखवणारा पिवळा झेंडा चढवून सीमाशुल्क आणि पारपत्र कचेरीत अर्ज भरावे लागतात. त्या अर्जावर एक कप्तान असावा लागतो आणि उरलेले माणूस ‘खलाशी’ ठरते. बहुतेक वेळा नवऱ्याचे नाव वर जाते, मग बोट बायको चांगली चालवत असली तरी. कागदावरची ही विभागणी बोटीवर आणली की बिनसते असे आमचे मत झाले, कारण दोघांपैकी एक जण तापाने आडवा पडला तर दुसऱ्याला सगळेच करता यावे लागते.

लांबच्या प्रवासात तर हे अटळ होते. आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे आणि अशा बोटीला ते कापायला साधारण तीन आठवडे लागतात. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सतत पाहणी ठेवा असे सांगतो. म्हणून रात्री एक जण झोपतो आणि दुसरा तीन किंवा चार तास जागतो. क्षितिजावर दिसलेले मोठे जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते. पहाऱ्यावरचा माणूस त्या हिशेबाने गजर लावून पुन्हा पुन्हा चहूकडे नजर फिरवतो. चाळीस फुटांत राहणारी ही दोन माणसे त्या तीन आठवड्यांत एकमेकांना फारशी भेटत नाहीत. पाळी बदलताना वाऱ्याची दिशा, दिसलेले दिवे आणि शिडाची अवस्था एवढे बोलणे होते, आणि एकाच्या अंगाने गरम झालेल्या बिछान्यात दुसरा शिरतो. गोव्याहून २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ घेऊन निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये पुन्हा गोवा गाठले. त्यांनाही पहारा दोघींतच वाटून घ्यावा लागला होता.

लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने तर १९६८ मध्ये पाण्यात उतरवलेल्या, स्वतः बांधलेल्या २४ फुटांच्या ‘सेराफिन’मध्ये इंजिनही बसवले नव्हते. वारा पडला की लांब वल्ह्याने बोट हाकायची, रात्री रॉकेलचे दिवे लावायचे आणि पैसे संपले की बंदरात बोटींची दुरुस्ती करून पुढच्या प्रवासाची सोय करायची, अशा रीतीने त्यांनी तिच्यातून जगाची फेरी पूर्ण केली. आजच्या जोडप्यांना ते कष्ट नको असतात, आणि उपग्रहावरून येणारे इंटरनेट सोडून रॉकेलच्या दिव्यांकडे जावे असे आम्हीही म्हणणार नाही. पण यंत्रे वाढली तशी दुरुस्तीही वाढली, हे कोणत्याही बोटीवरची कामांची यादी पाहून पटते.

नोव्हेंबर संपत आला की ती यादी लांबत जाते. शिडांची शिवण तपासायची, डोलकाठीला धरून ठेवणारे तारेचे दोर हात फिरवून पाहायचे, पाण्यात उतरून तळावर चिकटलेले शिंपले पात्याने खरवडायचे. वादळाचा हंगाम अधिकृतपणे सरल्यावर उत्तरेकडे निघायचे ठरते, तेव्हा खाडीच्या तळाशी पडलेली साखळी शेवाळ आणि चिखलाने जड होऊन वर येते. एक जण ती यंत्राने थोडी थोडी ओढतो, दुसरा लांब दांड्याच्या ब्रशने तिची कडी न् कडी घासतो, आणि मधल्या काळात सुकाणू धरायला कोणीच नसल्यामुळे दोघांपैकी एकाला दर मिनिटाला मागे धावावे लागते.