रेडियमची वाट

[अंधार. लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय. बॅटरी लागते.]

बॅटरी कमरेशी धरली तर समोर नुसतं बाभळीचं खोड दिसतं. तीच उचलून कानशिलाला लावा. खोडावर एक ठिपका पेटतो. त्याच्यापुढं, चिंचेवर, दुसरा. मग लिंबाच्या फांदीला तिसरा.

हे नंबरप्लेटवर लावतात तेच रेडियम. त्यातले बारीक काचमणी उजेडाला आला त्याच दिशेनं माघारी पाठवतात, म्हणून डोळा आणि बॅटरी शेजारी-शेजारी हवेत. करंगळीच्या नखाएवढे चौदा तुकडे आहेत. दिवसा याच झाडांखालून गेलात तर एकही नजरेला पडणार नाही.

सोलापूरहून तुळजापूर रस्त्यानं थोडं आत आलं की माझ्या मामांचं शेत लागतं. या वाटेच्या टोकाला एक डबा आहे, डब्यात वही आणि पेन्सिल. सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तिथंच ठेवायचा आणि निघायचं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि अशा डब्याला कॅश.

२ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरनं चुकणारी यंत्रं एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हे सुरू झालं. आज मात्र नियम सांगतो की जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय काहीही पुरायचं नाही, त्यासाठी जमीन उकरायची नाही. हा नियम आपल्याकडं किती मोलाचा आहे, ते मला मामांनी दाखवलं.

[भुईकोटाची तटबंदी, संध्याकाळ.]

रात्रीचीच कॅश का, असं विचारणाऱ्यानं सोलापूरचा मे महिना बघितलेला नसतो. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर दुपारी माळावर कोण फिरणार? इथं रात्रच चालायची.

माझ्या डोक्यात आधी भुईकोट किल्ला होता, पण ते संरक्षित स्मारक आहे. मग नान्नजचा माळ. तो तर माळढोकचं अभयारण्य, १९७९ पासूनचं. ज्या पक्ष्याला आधीच जागा उरलेली नाही, त्याच्या माळावर रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं सोडायची? मी दोन्ही खोडून टाकलं आणि मामांकडं गेले.

[ओसरी. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरतायत.]

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लोकं हात कुठं घालणार गं?”

मी म्हणाले, “दगडी बांधाच्या फटीत, मामा.”

“फुरसं बसतं तिथंच. रात्री तर बघायलाच नको.”

माझा आराखडा तिथंच मोडला. डबा आता जमिनीवर नाही. छातीच्या उंचीला, लिंबाच्या फांदीला दोरीनं टांगलाय, सगळीकडून दिसेल असा. शोधायचं काम वाटेवर आहे, हात घालायचं कुठंच नाही.

मग विहीर. आमची विहीर बिनकठड्याची, आणि वर बघत चालणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. माझे तीन ठिपके तिच्याच कडेनं जात होते. ते काढून वाट गाडीरस्त्यानं वळवली.

तिसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की आजूबाजूची माणसं दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रानात असतात. त्यांना परक्या बॅटऱ्या दिसल्या तर आधी चोर आठवणार. आणि त्यात कुणी “डबा लपवलाय” म्हणालं, तर गुप्तधन! मामा म्हणाले, “अवसेच्या रात्री खोदताना धरलं म्हणून बातम्या येतात की पेपरात. उद्या एखाद्या पोराला मार बसला तर तू काय सांगणार?”

म्हणून आम्ही दोघं शेजारच्या तीन वस्त्यांवर जाऊन आलो. पोलीस पाटलांना डबा उघडून दाखवला, वही दाखवली. इथं खोदायचं काहीच नाही, हे सांगताना तो नियम फार कामाला आला. डब्यावरही मराठीत लिहिलंय: हा खेळ आहे, आत वही आहे, जमीन खोदू नका.

[रात्र. वाटेची चाचणी.]

पहिल्या चाचणीत गंमत झाली. चौदा तुकडे लावलेले, मोजले पंधरा. जवळ गेले तर पंधरावा ठिपका चालायला लागला. कोळी होता. कोळ्याचे डोळेही उजेड असाच परतवतात, फक्त हिरवट. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचे डोळे तर लाल चमकतात. तेव्हापासून मी खेळाच्या संकेतस्थळावर, कॅशच्या पानावर लिहिलंय, की ठिपका पांढरा आणि डोक्याच्या उंचीला असेल तरच आपला.

दुसरी अडचण ज्वारीची. मार्चमध्ये मोकळ्या रानात दिसणारा ठिपका जानेवारीत दिसणार नाही, कारण शाळू तोवर माणसाच्या वर गेलेला असतो. म्हणून एकही टप्पा पिकाच्या आरपार नाही, सगळे गाडीरस्त्याच्या कडेनं.

[लॅपटॉपचा पडदा.]

मग संकेतस्थळाकडं अर्ज. पानावर जाहीर होतो तो बिंदू दुचाकी लावायच्या जागेचा. डब्याचा खरा बिंदू फक्त अर्ज तपासणाऱ्याला दिसतो, आणि तो जाहीर बिंदूपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत लागतो. दुसऱ्या कुणाच्या कॅशचा डबा १६१ मीटरच्या आत नको. अक्षांश-रेखांशातल्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणून वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा मोजून सरासरी घेतली. काठिण्य, रस्ता कसा आहे, काटे, बॅटरी लागते, सगळ्यावर खुणा केल्या.

तपासणारे स्वयंसेवक असतात. त्यांनी आमचं रान पाहिलेलं नसतं, आपण लिहू तेवढंच त्यांना दिसतं. मी लिहिलं होतं, “परवानगी आहे.” पाचव्या दिवशी अर्ज परत आला. परवानगी कुणाची? झाडांना रेडियम कशानं लावलंय, खिळे मारलेत का?

राग आला नाही. मामांनी ओसरीवर मला असंच अडवलं होतं. या वेळी सगळं लिहिलं: जमीन कुणाची, शेजारी कोण, पोलीस पाटलांना काय सांगितलं, विहीर किती लांब, रेडियम सुतळीनं बांधलेल्या पट्टीवर आहे, खोडाला एकही भोक नाही. फोटो जोडले. दर पंधरवड्याला फेरी मारणार, हेही लिहिलं.

दोन दिवसांनी कॅश जाहीर झाली.

[रात्र. दूरवर एक बॅटरी हलतेय. फोन वाजतो.]

त्यानंतर आठवड्यानं रात्री अकराला मामांचा फोन आला. मोटर चालू करायला रानात गेले होते.

“चौदा होते न्हवं? आज तेराच दिसतायत. चिंचेवरचा गेलाय. सकाळी येताना सुतळी घेऊन ये.”