चौघांचं कॉकपिट

मंडळी, कॅप्टन अल हेन्स यांना ‘हीरो’ हे विशेषण कधी मानवलं नाही. 1989 मध्ये अमेरिकेतल्या सू सिटी शहरात त्यांचं प्रवासी विमान कोसळलं, आणि तरी आतली बरीच माणसं वाचली. पुढे जन्मभर त्यांनी या अपघातावर भाषणं दिली, शेकड्यांनी दिली, आणि माणसं वाचण्याची कारणं सांगताना पहिलं नाव घेतलं ते नशिबाचं. आज मी मात्र त्यांच्या एका सवयीबद्दल बोलणार आहे.

हेन्स मूळचे टेक्ससचे. 1952 मध्ये नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात दाखल झाले, मरीन कोअर या अमेरिकी लष्करी दलात विमानं उडवली आणि 1956 मध्ये युनायटेड एअरलाइन्समध्ये आले. त्या पिढीचे बरेच वैमानिक लष्करातून आलेले. कप्तान म्हणेल ते अखेरचं, अशी तिथली रीत. ‘साहेबांना कोण सांगणार?’ हा प्रश्न फक्त आपल्याच कचेऱ्यांत पडतो असं समजू नका. 1978 साली पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान इंधन संपून कोसळलं. कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि इंधनाबद्दल त्याला ठणकावून कुणी सांगितलं नाही. त्यानंतर कंपनीने वैमानिकांना एकमेकांचं ऐकायला शिकवायला सुरुवात केली. पुष्कळांनी नाकं मुरडली. हेन्स यांनी ते शिक्षण मनावर घेतलं.

19 जुलै 1989. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेलं युनायटेडचं तीन इंजिनांचं डीसी-10 विमान, आत 296 माणसं, उंची 37 हजार फूट. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. धातू ओततानाच राहिलेला दोष पुढे तडा होऊन वाढत गेला होता आणि तपासणीत तो कुणाला दिसला नाही. चकतीच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या यंत्रणा, निकामी केल्या. म्हणजे सुकाणू हातात आहे, पण फिरवून काही होत नाही. विमान उजवीकडे कलंडत चाललं, तेव्हा हेन्स यांनी डाव्या इंजिनाची ताकद ओढून कमी केली, उजव्याची वाढवली. कलणं थांबलं. असं उडवायचं कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

प्रवाशांत डेनी फिच बसले होते. युनायटेडचेच प्रशिक्षक, त्या वेळी ड्युटीवर नसलेले. मदत करू का, असा त्यांनी निरोप पाठवला. हेन्स यांनी त्यांना आत बोलावलं आणि उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे, म्हणजे थ्रॉटल, त्यांच्या हातात दिले. विचार करा! विमान मरणाच्या दारात, आणि कप्तान उरलेला एकमेव ताबा पाहुण्याकडे सोपवतो. फिच दोन इंजिनांशी झगडत राहिले, सहवैमानिक बिल रेकॉर्ड्स आणि फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोरॅक आपापलं काम करत राहिले, आणि हेन्स विचारत राहिले: तुला काय वाटतं? त्यातही विनोद सुटला नव्हता. सू सिटीच्या टॉवरने कोणत्याही धावपट्टीवर उतरा म्हटल्यावर, धावपट्टीच हवी असा हट्ट का, असं त्यांनी उलट विचारलं.

स्फोटापासून 44 मिनिटांनी ते उतरले. वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, उजवा पंख आधी टेकला, विमान फुटलं, पेटलं. कॉकपिटचा तुकडा इतका चेपला होता की अर्धा तास तो कुणाला माणसं असलेली जागा वाटलाच नाही. चौघेही जिवंत निघाले. एकूण 184 वाचले, 112 गेले. चौकशीत तसाच प्रसंग सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, वैमानिकांना देऊन पाहिला. विमान सुखरूप उतरवणं कुणालाच जमलं नाही.

नशिबाचं म्हणाल तर ते खरंच होतं. हवा स्वच्छ, दिवसाउजेड, इस्पितळांत पाळी बदलत असल्याने दुप्पट माणसं, विमानतळावर नॅशनल गार्ड या राखीव सैन्याचे जवान हजर. पण फिच यांना आत घेणं हे नशिबात मोडत नाही. हेन्स स्वतः ते चौघांचं काम म्हणत, आणि मला हा निव्वळ विनय वाटत नाही. त्या दिवशी घडलेलं ते तसंच होतं.

पुन्हा ते उडायला लागले आणि 1991 मध्ये, साठाव्या वर्षी, नियमाप्रमाणे निवृत्त झाले. मुलांच्या बेसबॉल सामन्यांत ते पंच असायचे. पुढे मुलगा मोटारसायकल अपघातात गेला, मग पत्नी गेली. 2003 साली मुलीला अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागलं आणि खर्च आवाक्याबाहेर गेला, तेव्हा पैसे पाठवणाऱ्यांत त्या विमानातून वाचलेले प्रवासीही होते. 25 ऑगस्ट 2019 रोजी, 87 व्या वर्षी, हेन्स गेले.