तलंग अंडी द्यायची का थांबते?

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "दसऱ्याच्या सुमाराला तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंडी देणाऱ्या तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या, महिनाभर भरभरून अंडी दिली, आणि आता खुराड्यात हात घातला तर काहीच नाही. म्हातारी कोंबडी थांबली तर समजू शकतं, पण ही सात-आठ महिन्यांची कशी थांबली?" विचारणाऱ्या बहुतेक करून बायकाच असतात, कारण परसातल्या कोंबड्यांचा हिशेब घरातली बाईच ठेवते. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: आता हिला विकायची की कापायची? माझं आजचं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. घाई करू नका. तरुण कोंबडी कारणाशिवाय थांबत नाही, आणि बहुतेक वेळा ते कारण आपल्या अंगणातच सापडतं.

आधी ती खरंच थांबली आहे का, ते बघा. मोकळी फिरणारी तलंग कडब्याच्या गंजीत, जळणाच्या ढिगामागे, कुठंतरी आडोशाला जागा धरते आणि गुपचूप अंडी घालते. मुंगूस, घूस, कावळा यांना ती जागा आपल्या आधी कळते. त्यासाठी तीन-चार दिवस कोंबड्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा. अंडी बहुतेक सकाळच्या वेळीच येतात, त्यामुळे खरं काय ते लगेच समजतं. आणखी एक तपासणी जुनी माणसं करतात आणि ती अगदी बरोबर आहे. कोंबडी अलगद धरून शेपटीखाली दोन टोकदार हाडं चाचपा. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली, तिथली जागा मऊ आणि ओलसर लागली, तर ती अंडी देते आहे. जेमतेम एक बोट बसलं, तिथं कोरडं लागलं आणि तुराही फिका पडलेला असला, तर ती खरोखर थांबली आहे.

मग जात बघा. अस्सल गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. पिसं फुलवून, घरट्याला चिकटून, हात लावला तर चोच मारते. हा आजार नव्हे, हा तिचा स्वभाव आहे. 21 दिवस अंडी उबवायची, मग दोन-अडीच महिने पिल्लं सांभाळायची आणि त्यानंतर पुन्हा अंड्यावर यायचं, असं तिचं चक्र असतं. म्हणून गावरान कोंबडीची वर्षाची अंडी साधारण 60 ते 80 इतकीच भरतात. तिच्याकडून रोज अंड्याची अपेक्षा धरणं हा तिच्यावर अन्याय आहे. ग्रामप्रियासारखी सुधारित जात चांगल्या सांभाळात वर्षाला 150 च्या वर जाते, पण ती सहसा खुडूक बसत नाही. पिल्लं हवी असतील तर गावरान कोंबडीला बसू द्या. नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. खाली गवत नको, दाणापाणी मात्र पुरेपूर हवं. पाण्यात बुडवणं, पंख बांधणं असले प्रकार करू नका. पोटाखाली गारवा लागला की ती आपोआप उठते, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते.

आता मुख्य गोष्ट, दाणा. इथं मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण तरुण कोंबड्या सर्वांत जास्त थांबतात त्या इथंच. आपण काय घालतो? तांदळाच्या कण्या, ज्वारी-बाजरी, उरलेली भाकरी, भात. पोट भरतं, पण अंडं त्यातून तयार होत नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते कवच चढायला वीसेक तास लागतात, आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो. धान्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मग तलंग ते कुठून आणते? स्वतःच्या हाडांतून. पहिले काही आठवडे हे चालतं, म्हणूनच सुरुवातीला अंडी छान येतात. पुढं कवच पातळ होतं, एखादं अंडं बिनकवचाचं पडतं, कोंबडी पाय ओढत चालते आणि शेवटी थांबते. ती आळशी झालेली नसते. जवळचं होतं तेवढं देऊन ती रिकामी झालेली असते.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांची जाडसर भरड एका वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. पीठ करू नका. जाड तुकडे पेट्यात, म्हणजे कोंबडीच्या पोटातल्या दाणे भरडणाऱ्या पिशवीत, रेंगाळतात आणि रात्री, कवच चढत असताना, हळूहळू उपयोगी पडतात. घरातली अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून आणि चुरून द्या. अख्खी टाकलीत तर कोंबडीला स्वतःचं अंडं फोडून खायची खोड लागू शकते. भरड दाण्यात मिसळू नका, कारण त्याच दाण्यावर लहान पिल्लं येत असली तर जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. वेगळं ठेवलं की जिला गरज आहे ती आपसूक खाते.

कॅल्शियमइतकीच प्रथिनांची गरज असते. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 110 ग्रॅम खाते. दिवसभर उकिरडा उकरणारी कोंबडी किडे, अळ्या, वाळवी खाऊन प्रथिनांची सोय बरीचशी स्वतः करते. पण शेजाऱ्यांची कुरकुर नको म्हणून कोंडून ठेवलेली कोंबडी हे कुठून आणणार? तिला सोयाबीनची किंवा भुईमुगाची पेंड, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती), शेवग्याचा पाला द्या. किनाऱ्याकडच्या श्रोत्यांनी सुकट द्यायची असेल तर धुऊन द्यावी, कारण जास्त मीठ कोंबडीला विषासारखं असतं. आणि पावसाळ्यात ओल धरलेला, बुरशीचा मका कोंबड्यांपुढं टाकायची पद्धत आजच बंद करा. माणसाला नको झालेलं धान्य कोंबडीला चालतं, हा समज तिच्या यकृताला फार महाग पडतो.

पाणी तर आपण विसरतोच. अंड्यात जवळपास तीन-चतुर्थांश पाणी असतं. भांडं अर्धा दिवस कोरडं पडलं तरी दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर परिणाम दिसतो.

थंडीत आणखी एक कारण जोडीला येतं, ते उजेडाचं. कोंबडीचं अंडं दिवसाच्या लांबीवर चालतं. भरात येण्यासाठी तिला 14 ते 16 तास उजेड लागतो. आपल्याकडं जूनमध्ये दिवस 13 तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. संक्रांतीनंतर तो वाढत जातो, तशा पुष्कळ कोंबड्या काहीही न करता पुन्हा सुरू होतात. थांबायची तयारी नसेल तर पहाटे एक साधा दिवा लावा आणि त्याची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा. संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला तर कोंबड्यांना बसायची जागा सापडत नाही, म्हणून पहाटच बरी. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगेला मात्र हा जादा उजेड देऊ नका. अंग तयार नसताना अंड्यावर आली तर अंडं अडकतं, कधी अंग बाहेर येतं, आणि चांगली कोंबडी हातची जाते.

भीतीनंही तलंग थांबते. दिवाळीचे फटाके, रात्री खुराड्याशी आलेलं कुत्रं, आठवडी बाजारातून पिशवीत घालून आणणं, जुन्या कळपात नवी कोंबडी सोडणं, यांतलं काहीही पुरतं. दोन आठवडे शांतता द्या. याच काळात रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी बघा. तांबडे बारीक किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात, त्यामुळे दिवसा तपासलं तर अंगावर काहीच दिसत नाही. फटी साफ करून चुना फासा, कोंबड्यांना अंग घोळायला कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा करून द्या. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून ठराविक काळानं द्याच.

हे सगळं नीट असूनही घरातल्या सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम बंद झाली, हिरवट हगवण लागली, मान वाकडी होऊ लागली किंवा घरघर ऐकू आली, तर वाट पाहू नका. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, असू शकते. आजारी कोंबडी वेगळी करा, बाजारात नेऊ नका, आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जाताना इतकं लक्षात ठेवून जा: कोंबडी किती महिन्यांची, लस कधी टोचली, काय खाते आणि शेवटचं अंडं कधी दिलं. एवढं कळलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

नमस्कार.