सोडणांवर फुललेली ऑर्किड्स

[दृश्य: नारळ सोलणारे हात, सोडणांचा ढीग]

गोव्याच्या फोंडा तालुक्यातले हे कुळागर, माड-पोफळींची बाग. माडाखाली नारळ सोलायचे काम चालू आहे. नारळ पहारीवर हाणला, दोन हिसके दिले, की सोडण, म्हणजे नारळावरचे काथ्याचे जाड साल, सुटे. गोव्यात बहुतेक घरांत ते न्हाणीच्या चुलीत जाते. इथे मात्र ढिगातली जाड, सुकी सोडणे इथल्या वहिनी आधी बाजूला काढतात. त्यांच्या शेडमध्ये ओंजळभरही माती नाही. ऑर्किडची फुले येतात ती या सोडणांवर.

[दृश्य: टाकी, पाण्याचा रंग]

सोडणांचे लहान तुकडे करून ते टाकीत भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशीचे हे पाणी बघा, कोऱ्या चहासारखे. त्यात उतरले आहे टॅनिन, सोडणातले तुरट द्रव्य. कोवळ्या मुळांना ते सोसत नाही, म्हणून पाणी बदलत राहायचे, रंग फिका पडेपर्यंत. खाडीत कुजवलेली सोडणे वहिनी घेत नाहीत, त्यांत मीठ मुरलेले असते. पाणी विहिरीचे.

मग कुंडी भरायची. चहूबाजूंनी भोके असलेली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर कोळसा, त्यावर सोडण. रोप पुरायचे नाही, नुसते टेकवून बांधायचे.

[दृश्य: मूळ, अगदी जवळून]

हे डेंड्रोबियम या ऑर्किडचे मूळ. कोरडे असताना पांढरे. आता फवारा बसतो आहे... आणि हिरवे झाले. मुळावर मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो, तो पाणी टिपून घेतो. पाणी मिळावे आणि लगेच निथळून वाराही लागावा, एवढेच या मुळाला हवे. रानात ते झाडाच्या सालीवर मिळते. आपल्या सह्याद्रीतले रानटी ऑर्किड, सीतेची वेणी, अशीच फांदीवर वाढते; तिला कधी कुणी खड्डा खणून दिला? गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. मातीच्या कुंडीत हे मूळ आषाढ काढणार नाही.

सोडणात अन्न जवळपास नसतेच, ते पाण्यातून द्यावे लागते. वाढीच्या दिवसांत नत्र, स्फुरद, पालाश ३:१:१, फुलोऱ्याच्या वेळी १:२:२. डोक्यावर ५० टक्के सावलीची जाळी, तिच्यावर पावसासाठी प्लास्टिक. हवेतला दमटपणा गोव्याचा, फुकटचा.

शेडला पैसा बराच लागतो, पहिल्या वर्षी हाती फारसे काही येत नाही, जुने प्लास्टिक टाकायचे कुठे हाही प्रश्न आहेच.

[दृश्य: सकाळची काढणी]

दांडीवरची पाऊण फुले उमलली की काढणी. उन्हे चढण्याआधी. दांडी तिरकी कापायची, टोकाला पाण्याची छोटी कुपी. नीट हाताळली तर फुलदाणीत दोन आठवडे सहज टिकते.

गोव्याच्या बाजारात फुलांच्या गाड्या बेळगावहून घाट उतरून येतात. अबोलीचे वळेसर आपण घरचे माळतो, मग लग्नाच्या मंडपातली आणि चर्चच्या वेदीवरची फुले तेवढी बाहेरून का? सोडणे तर प्रत्येक भाटात, माडांच्या बागेत, पडून आहेत.

[दृश्य: दहा-दहा दांड्यांच्या जुड्या, खोके]

हे खोके आज मडगावला जाईल. तुळशीचे लग्न झाले की मंडपवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि तेव्हा वहिनींकडे दांड्या कमी पडतात.