ठकीचं आठवं घर

(दृश्य: नेरुळ. सिडकोची चार मजली इमारत. जिन्याखाली मीटर रूमचं अर्धवट उघडं दार.)

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. या इमारतीतल्या आजींनी ती मोजलेली आहेत. पहिलं घर ही मीटर रूम. दुसरं पंपाची खोली. मग पहिल्या मजल्यावरचं चपलांचं कपाट, गच्चीतल्या टाकीखालची सावली, ताडपत्री टाकलेली कुणाचीतरी स्कूटर, आणि पुन्हा मीटर रूम. ही दुसरी खेप आजी वेगळी मोजतात. सातवं घर म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर, ओट्याखाली गव्हाच्या डब्यामागे. तिथून मांजरीनं तीन पिल्लं उचलून नेली, एक राहिलं. राहिलं की आजींनी ठेवून घेतलं, यावर घरात अजून एकमत नाही.

त्या पिल्लाचं नाव ठकी. वय चार वर्षं, वजन चार किलोला थोडं वर. अंगावर पट्टे, नाकावर विटकरी ठिपका. आपल्या गल्लीबोळात दिसतं तसंच, साधं देशी मांजर.

(दृश्य: खिडकीच्या ग्रिलमध्ये बसलेली ठकी. खालून कोळणीची हाक.)

दिवाळे गावातली कोळीण आठवड्यातून तीनदा येते. हाक तिसऱ्या मजल्यावर पोहोचायच्या आत ठकी दारात असते. मांदेली तिची, बोंबील आजींचे, असा करार आहे.

२०२५ च्या सुरुवातीला आजींच्या मुलाला जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी लागली. श्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं गाव, आणि १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात, तिघं जाणार हे ठरलं. नातीनं एकच अट घातली, ठकी येणार असेल तरच मी येते.

आजी म्हणाल्या, कुत्रं माणसाचं, मांजर वास्तूचं. तिला इथेच राहू दे.

त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर, पुढच्या सहा महिन्यांत ठकीच्या जाण्यासाठी सगळ्यांत जास्त खपल्या त्या आजीच.

(दृश्य: लसीकरणाच्या पुस्तकाचं एक पान, अगदी जवळून.)

घरच्यांना वाटलं होतं, काम तिकिटाचं आहे. ते निघालं तारखांचं.

हे पान पाहा. वर रेबीजच्या लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, शेजारी डॉक्टरांच्या हातची तारीख, जानेवारीतली. त्याखाली बारकोडचं दुसरं स्टिकर, मायक्रोचिपचं, एप्रिलमधलं. दोन्ही खरी, दोन्हींवर सही-शिक्का. पण क्रम उलटा.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. सुईनं मानेमागे, खांद्यांच्या मधे कातडीखाली सरकवतात. तिला बॅटरी नाही, ती कुठे आहे हेही ती कुणाला सांगत नाही. वाचणारं यंत्र जवळ नेलं की पंधरा आकडी नंबर तेवढा देते. प्रवासासाठी लागणाऱ्या सरकारी सर्टिफिकेटवर सगळं त्या नंबरच्या नावानं चालतं. मग जानेवारीत लस कुणाला टोचली? नंबर नसलेल्या एका मांजरीला. युरोपच्या कायद्याच्या लेखी ती ठकी नव्हेच.

ज्या दवाखान्यात हे झालं, तिथे आधीच विचारलं होतं, चिप आधी की लस. एकच आहे, चालतं, असं उत्तर मिळालं होतं. चालत नाही. चिप आधी किंवा त्याच दिवशी, लस त्यानंतर. परदेशी मांजर नेणाऱ्या ज्या ज्या घरांशी आम्ही बोललो, त्यांतली निम्मी याच पायरीवर घसरलेली होती. म्हणून हे पान पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवतो आहोत.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. पाच मे, नऊ जून आणि नऊ सप्टेंबरभोवती लाल गोल.)

पाच मे. नवी लस. आता घड्याळ सुरू.

भारतात रेबीज आहे, त्यामुळे युरोपियन युनियन इथल्या मांजरीच्या लसीवर नुसता विश्वास ठेवत नाही, रक्त मागते. लस दिल्यावर निदान तीस दिवसांनी रक्त काढायचं, त्यातला सीरम वेगळा करून बर्फात घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा. दर मिलिलिटरला किमान ०.५ युनिट प्रतिपिंडं सापडली तर मांजर पास. ठकीचं रक्त नऊ जूनला काढलं. पुढच्या पायावर वाटाण्याएवढी जागा भादरली होती. आजी तिथे रोज खोबरेल लावायच्या आणि ठकी ते रोज चाटून टाकायची.

ठकी चांगल्या मार्कांनी पास झाली. पण पास झाली म्हणजे निघाली असं नाही. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून. यामागचं कारण विचित्र वाटलं तरी साधं आहे. रक्तातली प्रतिपिंडं लसीमुळे आली की प्रत्यक्ष रोगामुळे, हे चाचणी सांगत नाही. रोग असेल तर तेवढ्या काळात तो बहुतेक वेळा बाहेर पडतोच. तीन महिने मांजर धडधाकट राहिलं, की शंका मिटली.

नऊ जून अधिक तीन महिने, नऊ सप्टेंबर. त्याआधी सर्टिफिकेटवर सही होणार नव्हती. मुलाला जुलैत रुजू व्हायचं होतं. तो एकटा गेला. सून आणि नात मांजरीसाठी मागे राहिल्या. नातेवाइकांत यावर काय काय बोललं गेलं, ते इथे सांगत नाही. एका गोष्टीनं मात्र हात दिला. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे उन्हाळ्याच्या सुट्ट्या उशिरा संपतात. नातीची शाळा १५ सप्टेंबरला उघडणार होती.

मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलेलं चालत नाही. म्हणून कागदोपत्री ठकीची मालकीण झाली सून. आजींना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, हो का.

(दृश्य: घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरची बाल्कनी. चपट्या नाकाची पर्शियन मांजर.)

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. अमेरिका मांजरीसाठी केंद्रीय पातळीवर रेबीजच्या लसीचा दाखलासुद्धा मागत नाही, एखादं राज्य किंवा विमान कंपनी मागेल तेवढंच. जपान रक्ततपासणीनंतर १८० दिवस थांबायला लावतो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट मांजर घेतच नाही, आधी तिला दुसऱ्या मान्य देशात नेऊन ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये विमानानं येणारं मांजर तुमच्या मांडीवर नाही, कार्गोतूनच उतरतं. आणि सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायला परवानगी मिळाली ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. आपल्या सोसायट्यांच्या मीटिंगांना उगाच नावं ठेवतो आपण.

ठाण्यातल्या या पर्शियन बाईसाहेबांची अडचण आणखी वेगळी. नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. घाबरली किंवा तापली की धाप लागते. अशा जातींना बऱ्याच विमान कंपन्या सामानकक्षात घेत नाहीत. ठकीचं देशी नाक इथे कामाला आलं.

(दृश्य: जमिनीवर बसलेल्या आजी, हातात शिंप्याची टेप. समोर ठकी, अजिबात स्थिर नाही.)

केबिनमध्ये एका विमानात किती प्राणी न्यायचे हे ठरलेलं असतं. त्या दिवशीच्या जागा भरल्या होत्या. म्हणजे ठकी पोटात जाणार, विमानाच्या. नातीनं हे ऐकून रडून घेतलं. विमानाचं पोट म्हणजे फ्रीज, असं तिला वाटलं होतं. तसं नसतं. प्राण्यांना ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब आपल्या केबिनसारखाच असतो, तापमानही राखलेलं असतं. खाली जिवंत प्राणी आहे, याचा लेखी कागद उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात जातो.

पिंजरा मात्र मापाचा हवा, आणि माप मांजरीचं घ्यायचं. आजींनी तीस वर्षं ब्लाऊज शिवले आहेत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ४४ सेंटिमीटर. जमिनीपासून कोपरापर्यंत १६. खांद्याची रुंदी १३. उभी राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंत ३४. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं गणित असं, की पिंजऱ्याची लांबी म्हणजे शरीराची लांबी आणि वर कोपराच्या उंचीचा अर्धा भाग, रुंदी खांद्याच्या दुप्पट, उंची कानापर्यंत आणि अंथरुणाची जाडी धरून. थोडक्यात तिला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आजींनी सगळ्या मापांत दोन बोटं वाढवली. शिवताना अंगाला घट्ट बसलेलं त्यांना कधीच आवडलं नाही.

(दृश्य: खिडकीखाली पिंजरा, दार काढलेलं. आत जुन्या नऊवारीची घडी.)

पिंजरा जूनमध्येच घरी आला. दार काढून खिडकीखाली ठेवला, आत आजींच्या जुन्या सुती लुगड्याची घडी. पहिले आठ दिवस ठकीनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मग आजींनी मांदेलीची बशी पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवायला सुरुवात केली. रोज चार बोटं आत. पंधरवड्यात बशी मागच्या भिंतीला लागली. मांजरीच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात, जिथे ती गाल घासते ती जागा तिची होते. जुलैअखेर पिंजऱ्याच्या कडांवर पट्ट्यापट्ट्यानं केस चिकटलेले दिसायला लागले. मग दार बसवलं. पाच मिनिटं बंद, मग अर्धा तास, मग रिक्षातून सीवूड्सपर्यंत जाऊन परत.

कुणीतरी सुचवलं, एवढा खटाटोप कशाला, झोपेची गोळी द्या. ती देऊ नये. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, अंगाची ऊब राखता येत नाही, पिंजरा हलला तर जनावराला तोल सावरता येत नाही. विमान कंपन्याही गुंगीतलं जनावर नाकारतात. जागं आणि घाबरलेलं मांजर परवडलं.

सहा सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. खाली ताशा सुरू झाला. एरवी ठकी कपाटावर पळायची. या वेळी आपणहून पिंजऱ्यात गेली आणि लुगड्यात तोंड खुपसून बसली. सून म्हणाली, आई, बघा, जमलं तुम्हाला. आजी काही बोलल्या नाहीत. ताट धुवायला गेल्या.

(दृश्य: चिप वाचणारं यंत्र. पडद्यावर पंधरा आकडे.)

दहा तारखेला केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेकडून सर्टिफिकेट झालं. ते सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपच्या दारात दाखवावं लागतं, म्हणजे आता मागे वळायला जागा नाही.

(दृश्य: रात्रीचा पाम बीच रोड, गाडीच्या काचेतून.)

अकरा तारखेची रात्र. संध्याकाळी चारला थोडंसं जेवण, नंतर फक्त पाणी. विमानतळ खरं तर नेरुळच्या दारात उभा राहत होता, पण नवी मुंबईतून विमानं उडायला लागली ती २५ डिसेंबरला. त्यामुळे वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईचा सहार विमानतळ. ठकी मानखुर्दपर्यंत ओरडली, पुढे गप्प. आजी सोबत आल्या होत्या, प्रवेशदारापर्यंत. तिकीट नसलेल्यांची हद्द तिथेच संपते. त्यांनी पिंजऱ्याच्या जाळीतून एक बोट आत घातलं, ठकीनं त्याला गाल घासला, तोवर मागच्या ट्रॉलीवाल्यांनी पुढे चला म्हटलं.

आत सगळ्यांत अवघड क्षण तपासणीचा. रिकामा पिंजरा एक्स-रेमधून जातो आणि मांजर तेवढा वेळ माणसाच्या हातात. विमानतळावर सुटलेली मांजर कुणालाही सापडत नाही, म्हणून पट्टा घरूनच घातलेला. सुनेच्या दंडावर तीन ओरखडे आहेत. पुढच्या सगळ्या फोटोंत ते दिसतात.

(दृश्य: सुनेनं पाठवलेलं मोबाइलचं चित्रण. फ्रँकफर्ट, सकाळ.)

सुमारे नऊ तासांनी फ्रँकफर्ट. पिंजरा हातात आला तेव्हा लुगडं एका कोपऱ्यात गोळा झालेलं, ठकी त्याच्या खाली, बाहेर फक्त शेपटीचं टोक. कस्टम्सच्या लाल मार्गिकेत अधिकाऱ्यानं यंत्र फिरवलं, नंबर वाचला, कागदाशी ताडला. चार महिन्यांच्या तारखा त्यानं पाचेक मिनिटांत पाहिल्या आणि शिक्का मारला.

एक गंमत सांगायची राहिली. आपल्या घरचं मांसाचं कॅटफूड युरोपात नेता येत नाही. माशांना मात्र, वाळवलेल्यासुद्धा, माणशी वीस किलोपर्यंत मुभा आहे. ती माणसांच्या खाण्यासाठी, हे आजींना सांगितलं होतं. त्यांनी सुनेच्या बॅगेत सुकटीची पिशवी भरली आणि म्हणाल्या, माणसांसाठीच देतेय.

(दृश्य: नेरुळचं स्वयंपाकघर. आजी ओट्याशी. फोन मिक्सरला टेकवून उभा.)

श्टुटगार्टमध्ये ठकी तीन दिवस सोफ्याखाली होती. चौथ्या रात्री बाहेर आली. सुनेनं दिवा लावला नाही, नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवला. अठरा सेकंदांचा. त्यात बोलणं काही नाही, बशी फरशीवर सरकल्याचा आवाज आणि सुकट चावल्याचा कुरकुर कुरकुर.

आजींनी तो तीनदा ऐकला. फोन कानाला लावून, डोळे मिटून.

मग म्हणाल्या, दात शाबूत आहेत.