नकाशातून सुटलेली घरं

[दृश्य : मिरज जंक्शन, सकाळ. फलाटावर उतरणारी माणसं. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या खांद्यावर म्हातारी आई.]

मिरजेला माणसं दोन कारणांनी उतरतात. गाडी बदलायला, नाहीतर डॉक्टरांना दाखवायला. बेळगाव-हुबळीकडून येतात, पंढरपूर-सोलापूरकडूनही येतात. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि त्यांच्या भोवती गल्लोगल्ली दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं उभी राहिली. उपचाराला गेलेल्या माणसाला मिरजेनं परत पाठवलं नाही, असं इथले जुने लोक अभिमानानं सांगतात.

याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत तालुका आहे. उमदीहून मिरज गाठायची तर शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. पाऊस कमी. दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं बरीच. सीमेवरच्या कित्येक घरांत बोलणं कन्नडमध्ये. दिवस भरलेली एखादी बाई तिथून मध्यरात्री निघाली, तर मिरजेत किती हॉस्पिटलं आहेत याचा तिला उपयोग काय? तिला उपयोग या गोष्टींचा की, तिच्या गरोदरपणाची नोंद तिसऱ्या महिन्यात कुणी केली होती का, अंगात रक्त कमी आहे हे तिच्या सासूला तिच्या भाषेत कुणी समजावलं होतं का, आणि १०२ किंवा १०८ ला फोन कुणी करायचा हे घरात आधी ठरलं होतं का.

डॉक्टरांच्या शेजारी राहूनही माणूस सुटू शकतो. मिरज तालुक्यातल्याच म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेला, आणि तपासात पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथून मोठी हॉस्पिटलं लांब नव्हती. घरात मुलगी नको असताना त्या बाईच्या बाजूनं बोलणारं, तिचा शब्द तिच्यासाठी पुढं नेणारं माणूस मात्र जवळ नव्हतं.

सुटलेलं माणूस कसं शोधायचं, त्याच्या दारात कसं बसायचं, त्याचं ऐकून यंत्रणेला कसं हलवायचं, या गोष्टी शिकवता येतात. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. ही फिल्म त्या प्रशिक्षणाबद्दल आहे. ते कुठं मिळतं ते सांगूच, पण त्याआधी ते कसं असायला हवं ते बघू.

[दृश्य : देवळासमोरचं अंगण. पंधरा-वीस बायका. रांगोळी, चिंचोके, विटेचे तुकडे, कोळसा.]

गावाचा नकाशा काढायचाय, आणि तोही जमिनीवर. कागद-पेन हातात आलं की शिकलेली बाई पुढं सरकते आणि बाकीच्या मागं होतात. रांगोळी सगळ्यांच्याच हातातली.

सुरुवात देवळापासून होते. मग ग्रामपंचायत, शाळा, विकास सोसायटी, दूध डेअरी. मग एकेक आळी, एकेक मळा. बायका वाकून वाकून घरं मांडतात, एकमेकींच्या चुका काढतात, हसतात. शिकाऊ समाजकार्यकर्ती नुसती बघत उभी. तिला सांगून ठेवलेलं असतं की, पहिला अर्धा तास तोंड उघडायचं नाही. तिच्या शिक्षणातला सगळ्यांत अवघड अर्धा तास हाच, असं आम्हाला वाटतं.

नकाशा पुरा झाला असं वाटलं की ती एक प्रश्न विचारते.

“आक्का, ओढ्यापलीकडं कोण ऱ्हातंय?”

“ते व्हय? ते आपल्या गावचं न्हाईत. पालं टाकून ऱ्हात्यात.”

“किती वर्सं झाली?”

“झाली की धा-बारा.”

दहा-बारा वर्षं. त्या पालांत जन्मलेली पोरं आता शाळेच्या वयाची झाली, तरी गावाच्या नकाशात त्यांचं घर नाही. नकाशात नाही म्हणून नोंदवहीत नाही, आणि नोंदवहीत नाही म्हणून लसीकरणाच्या दिवशी त्यांना निरोप नाही. यात दुष्टावा कुणाचाच नसतो. रोजच्या बघण्यातून ते सुटलेले असतात, एवढंच. मग बायका उठतात, ओढ्याची रेघ ओलांडतात आणि पलीकडं चार-पाच चौकोन काढतात.

यानंतर खुणा. गरोदर बाईच्या घरावर चिंचोका. वर्षाच्या आतल्या बाळासाठी विटेचा तुकडा. गेल्या वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला, तिथं कोळसा. कोळसे ठेवताना अंगण गप्प होतं. कधी कधी ते कोळसे एकाच कडेला गोळा झालेले दिसतात. तालुक्याच्या सरासरीत ही कडा कधीच दिसत नाही. शंभरातल्या नव्वद मुलांना लस मिळाली असा अहवाल आला, की उरलेली दहा कुठली हे कुणी विचारत नाही. ती दहा सगळ्या गावात विखुरलेली असतील तर गोष्ट वेगळी, आणि दहाच्या दहा ओढ्यापलीकडची असतील तर वेगळी.

[दृश्य : सांगली, गोकुळनगर परिसरातला रस्ता. चेहरे न दाखवता.]

सांगलीला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. १९९२ साली एचआयव्हीची भीती ऐन भरात असताना मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ या संस्थेतर्फे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केलं. त्या काळी अशा वस्त्यांवर बाहेरून लोक जायचे, भाषण द्यायचे, तपासणी करून परत यायचे. इथं मात्र वस्तीतल्या बायकांनाच शिकवलं गेलं आणि मग त्याच शिकवायला लागल्या. निरोध वाटण्याचं काम त्यांच्या हातात आलं. आजारी मैत्रिणीला सरकारी दवाखान्यात घेऊन जाण्याचं, तिथं तिला माणसासारखं वागवायला लावण्याचं कामही. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सहकारी शिक्षिका, म्हणजे आपल्यातल्याच बाईनं आपल्यांना शिकवायचं, ही पद्धत आज जगभर मान्य आहे. सांगलीत ती ज्यांनी उभी केली, त्यांतल्या कितीजणींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. आमच्या मते सांगली जिल्ह्यात आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास शिकवला पाहिजे, परीक्षेला असो वा नसो.

[दृश्य : तालुक्याच्या ठिकाणचं सभागृह. गुलाबी साड्यांतल्या आशाताई, मांडीवर वह्या.]

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा स्वयंसेविका गावोगावी दिसू लागल्या. साधारण हजार लोकसंख्येमागं एक, त्याच गावात राहणारी. पायाभूत प्रशिक्षण, मग पुढचे टप्पे, आणि त्यांत सगळ्यांत मोलाचं नवजात बाळाच्या घरभेटीचं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, अंगाचं तापमान, श्वास, दूध ओढतंय का, आईला ताप आहे का, हे सगळं बघायचं. या भेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. हजार जन्मांमागं ६२ नवजात बाळं दगावत होती, ती संख्या २५ च्या आसपास आली होती.

ज्या बाईनं घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजायला शिकायचं, तिच्या प्रशिक्षणाचा वेळ आता मोबाईलमधली माहिती कशी भरायची यातच जास्त जातो, अशी तक्रार कानावर येते. ही तक्रार रास्त आहे. नोंद हवीच. पण नोंदीसाठी बाळ बघणं वेगळं आणि बाळासाठी नोंद ठेवणं वेगळं. शिवाय प्रशिक्षणाच्या दिवशी तिचा शेतातला रोज बुडतो, लहान मूल घरी ठेवून एसटीनं तालुक्याला यावं लागतं. तिच्या शिकण्याची किंमत तिनंच का मोजायची?

बैठक घेणं हेही शिकायचं काम आहे, आणि त्याला फार कमी लेखलं जातं. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत ‘एकजूट’ संस्थेनं बायकांच्या गटांच्या मासिक बैठका घेतल्या. बैठक चालवणाऱ्या स्थानिक बायका होत्या, डॉक्टर-नर्स नव्हत्या. चित्रं, खेळ, गोष्टी यांतून बाळं का दगावतात ते गटानं शोधायचं आणि उपाय गटानंच ठरवायचा. २०१० साली जाहीर झालेल्या अभ्यासात दिसलं की, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. औषध नवं नव्हतं. बायका एकत्र बसून बोलल्या, एवढं नवं होतं.

[दृश्य : मिरज, वैद्यकीय महाविद्यालयाचं फाटक. विद्यार्थी बसमध्ये चढताहेत.]

आता शिकायचं कुठं?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना २०२१-२२ पासून कुटुंब दत्तक उपक्रम अभ्यासक्रमातच आला. प्रत्येकानं खेड्यातली काही कुटुंबं घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या संपर्कात राहायचं. मन लावून केलं तर यातून डॉक्टर घडतो. सोयीची, रस्त्याकडेची घरं निवडली तर मात्र पुन्हा तीच घरं सुटतात.

बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट आहे. सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण, आणि नंतर उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात नेमणूक. जत-आटपाडीकडच्या उपकेंद्रात शिकलेलं माणूस रोज बसायला लागणं ही मोठी गोष्ट आहे, आणि अनेक तरुण मुली आज ते करताहेत.

सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी कोल्हापूरचं आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र शेजारीच आहे. पदवीनंतर दोन वर्षांचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत करता येतो आणि पुण्यात विद्यापीठातही. प्रवेशासाठी डॉक्टरच असलं पाहिजे असं नाही. समाजकार्य, समाजशास्त्र शिकलेली मुलंही जातात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करणाऱ्यांनी आरोग्य संस्थेतलं क्षेत्रकार्य मागून घ्यावं.

आणि अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातलं जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, दलित बायकांना ग्राम आरोग्य सेविका केलं. आज देशोदेशीचे डॉक्टर तिथं शिकायला येतात, आणि त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहतात. सांगलीहून जामखेड काही परदेश नव्हे. इथल्या तरुण डॉक्टरांनी एकदा जाऊन यावं. सामाजिक काम करू पाहणाऱ्या तरुणांसाठी ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रमही २००६ पासून सुरू आहे.

[दृश्य : पलूस-वाळव्याचा पट्टा. उसाचा फड, कोप्या, बैलगाड्या.]

हिवाळ्यात कृष्णाकाठी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई सात महिन्यांची गरोदर असली तरी मोळी उचलते, कारण मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायचीय. तिचं कार्ड गावाकडच्या आशाताईकडं आणि पोट इथल्या फडात. इथल्या आशाताईच्या यादीत ती नाही. गावाच्या हद्दीत राहणाऱ्याचा हिशोब ठेवायला आपण छान शिकवलं, फिरत्या माणसाचा हिशोब ठेवायला कमी शिकवलं. टोळीतल्याच एका बाईला आठ दिवस प्रशिक्षण दिलं, तिला धोक्याची लक्षणं आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर माहीत असला, तर टोळी जिथं जाईल तिथं ती बरोबर जाते. मुकादम आणि कारखाना यांनी तिचे ते आठ दिवस भरून द्यायला हवेत.

पुराचंही तसंच. २००५, २०१९, २०२१. दर वेळी पाणी चढल्यावर धावाधाव झाली. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती जखम अजून ओली आहे. कुठल्या घरात दिवस भरलेली बाई आहे, कुणाला डायलिसिस लागतं, कुणाची क्षयाची गोळी चुकता कामा नये, ही यादी जूनच्या आधी गावाकडं हवी. ती करायची पद्धत अंगणातल्या त्या रांगोळीत आहे.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. फळ्यावर ग्रामसभेची नोटीस.]

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी मिळू शकतो. सदस्य कोण आहेत ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, विचारा. ओढ्यापलीकडचं कुणी त्यांत आहे का तेही विचारा. समितीचं प्रशिक्षण व्हावं, ते गावातच व्हावं, जतच्या सीमेवरच्या गावांत ते कन्नडमध्ये व्हावं, आणि शिकवणाऱ्यांत वस्तीतली किंवा टोळीतली एक तरी बाई असावी, तिला त्या दिवसाचा रोज मिळावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.