बोटीच्या तळाचे शेवटचे पाच फूट

(बेळगावातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समुद्रापासून इतक्या लांब बेळगावात वेगाच्या बोटीचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्या एकदम चढल्या. चिकोडी-अथणीकडचं कुणी इथं बसलं असेल, तर पुरात बोट कशाला लागते हे त्यांना मी सांगायला नको. पूर्वी नदीकाठची माणसं गुऱ्हाळाची काहीलच पाण्यात घालायची. काहील तरंगते झकास, पण तिला पुढं-मागं नाही, त्यामुळं धारेत सापडली की गरगर फिरते. नाव आणि काहील यांतला फरक तळाच्या आकाराचा आहे. माझा सगळा विषय तिथंच आहे. बोट पळत नसेल किंवा वळणावर ऐकत नसेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी तिला पालथी घाला आणि तळ तपासा.

थोडं मागं जाऊ. विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनिअरानं १८७२ मध्ये इंग्लंडातल्या टॉर्की इथं लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांची छोटी मॉडेल ओढून पाण्याचा विरोध मोजला. मी उभा जन्म इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने बनवले. लोखंड ओतण्याआधी आम्ही लाकडावर चूक पकडतो, तशी जहाज बांधण्याआधी मॉडेलवर चूक पकडणारा हा माणूस मला जवळचा वाटतो. संथ चालणारी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. वेग वाढेल तशी लाट लांब होते, ती बोटीएवढी लांब झाली की मागची बाजू खळग्यात बसते. पाण्यालगतची लांबी सोळा फूट असेल, तर ही अडचण ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच येते. त्यापुढं जायचं, तर बोटीनं पाणी कापत बसून चालत नाही, पाण्यावर चढून घसरत जावं लागतं. तेव्हा तिचं बहुतेक वजन तळाचा मागचा भाग उचलतो, म्हणून मी शेवटचे पाच फूट म्हणतो.

आता ती हकीकत. एका संस्थेनं पूरकाळासाठी फायबरची सोळा फुटी बोट घेतली. चांगलं काम, त्याबद्दल दुमत नाही. पावसाळा संपला की बोट शेडमध्ये दोन आडव्या वाशांवर ठेवायची, एक पुढं, एक मधोमध. मागं इंजिन तसंच लटकलेलं. वर्षानुवर्षं हेच. मग हिडकलच्या जलाशयात चाचणी घेतली, तर बोट नाक खाली घालून पळायला लागली. वळवली की नाक पाण्यात रुतायचं आणि मागची बाजू बाहेर फेकली जायची. चालवणारा पोरगा म्हणाला, "काका, ही आपल्या मनानं वळते बघा." बैठक बसली आणि ठरलं काय? चाळीस अश्वशक्तीचं इंजिन काढून साठचं बसवायचं!

मला याचा आजही राग येतो. घसरणाऱ्या बोटीचा वेग साधारणपणे शक्ती भागिले वजन, त्याच्या वर्गमुळानं वाढतो. चाळीसची साठ केली, म्हणजे दीडपट शक्ती, तर वेग फार तर बावीस टक्के वाढणार. त्यातून जड इंजिनाचं वजन वजा करा. आणि नाकाचा दोष तसाच, उलट जास्त वेगात जास्त घातक. पुरात त्या बोटीत बाळंतीण बसणार, म्हातारी माणसं बसणार.

आम्ही बोट पालथी घातली आणि तळावर लांब स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ धारेची पट्टी, ठेवला. मागच्या कडेला टेकला, पुढं टेकला, मध्ये खालून उजेड दिसला. उद्यमबागेतल्या कुठल्याही फिटरला याहून जास्त सांगावं लागत नाही. तळ मधल्या वाशावर वाकून मागची कड खाली झुकली होती. याला हूक म्हणतात. धावताना ती झुकलेली कड पाण्याला खाली ढकलते, पाणी बोटीची मागची बाजू वर ढकलतं, नाक खाली जातं. भिजणारा तळ वाढतो आणि वेग पडतो. दोन-तीन मिलिमीटरची पोकळीसुद्धा जाणवते. उलट दोषही असतो. स्ट्रेट एज मधल्या फुगवट्यावर झुलतो. तशी बोट नाक वर काढते आणि वेगात घोड्यासारखी उड्या मारते.

पोकळीत इपॉक्सी आणि हलकी फिलर पावडर भरली, लांब फळीला सँडपेपर लावून घासली, पुन्हा स्ट्रेट एज. जुनंच इंजिन, तीच बोट, नाक उचलून सरळ पळाली. पोरानं वळणं घेऊन दाखवली. साठचं इंजिन आलंच नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. खरं व्याख्यान आता सुरू व्हायचं होतं! भराभर सांगतो.

तळ आणि मागची फळी जिथं मिळते ती कड धारदार हवी. रंगाच्या थरांनी किंवा दुरुस्तीत ती गोल झाली, तर पाणी सुटत नाही, फळीवर चढतं आणि बोटीला मागं ओढतं. तळ आणि बाजू मिळतात त्या कडेचंही तसंच.

तळाच्या व्ही आकाराबद्दल विचारलं जातं. १९६० च्या मियामी-नसाव मोटरबोट शर्यतीत अमेरिकन बोट-रचनाकार रे हंट यांच्या खोल व्ही तळानं खवळलेल्या समुद्रात बाजी मारली, तेव्हापासून सगळ्यांना तोच हवा असतो. खोल व्ही लाटेचा दणका कमी करतो, पण त्याला जास्त शक्ती लागते आणि उभी बोट डोलते. आपल्या जलाशयाला आणि पुराच्या पाण्याला मध्यम व्ही पुरतो.

इंजिनाच्या पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला, किंवा जराशी वर ठेवा. फार वर नेली, तर वळणावर पंखा हवा खेचतो. बोट उड्या मारत असेल, तर पेट्रोलची टाकी पुढं सरकवून बघा, हा फुकटचा उपाय आहे. वजन मात्र निर्दयपणे कमी करा. तळाच्या पायऱ्या, म्हणजे स्टेप, शर्यतीच्या बोटींना शोभतात, बचावाच्या बोटीत त्यांच्या मागं लागू नका.

आणि बोट ठेवताना मागच्या फळीच्या बरोबर खाली आधार द्या. कृष्णाकाठच्या गावांतल्या बोटी पावसाआधी तपासायच्या आहेत, स्ट्रेट एज माझा. आपल्या गावात बोट कुठं आणि कशावर ठेवली आहे, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ताच इथं थांबा.